भर समुद्रात कणांचा आकडा अचानक उसळतो: कारण कसं शोधायचं

लक्षण असं असतं. जहाज विषुववृत्ताच्या खाली उतरलेलं आहे, क्षितिजापर्यंत नुसतं पाणी, तीन दिवसांत दुसरं जहाज दिसलेलं नाही. कण मोजणारं यंत्र (आम्ही सगळे त्याला सीपीसी म्हणतो) एका घन सेंटीमीटरला ३००-४०० कण दाखवत शांत चाललंय. आणि एकाएकी ३०,०००. कधी पाच सेकंद, कधी पंधरा मिनिटं. मग पुन्हा ३००, जणू काही झालंच नाही.

हल्ली जहाजावर सॅटेलाइट इंटरनेट असतं. त्यामुळे पहिल्या मोहिमेवर गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून मला पाचव्या-सहाव्या दिवशी स्क्रीनचा फोटो येतो: "मॅडम, नवे कण तयार होताना सापडले!" हवेतल्या वायूंपासून ताजे कण जन्माला येतात हे खरं आहे. पण खुल्या समुद्रावर, पृष्ठभागालगतच्या हवेत ते क्वचित घडतं. तिथले बरेचसे बारीक कण वरच्या थरांत तयार होऊन हळूहळू खाली मिसळत येतात. त्यामुळे असा फोटो आला की माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी धुराडं कुठे आहे ते बघ.

पण धुराड्यावर आळ घेण्याआधी यंत्राची झडती घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. सीपीसीच्या तोंडाला हेपा फिल्टर, म्हणजे हवेतले जवळपास सगळे कण अडवणारी गाळणी, लावा. अर्ध्या मिनिटात आकडा शून्यावर यायला हवा. आला, तर तोच फिल्टर घेऊन वर मास्टवर, म्हणजे नळी जिथे वर नेलेली असते त्या उंच खांबावर, चढा आणि नळीच्या बाहेरच्या टोकाला लावा. खाली शून्य येतं आणि वर लावल्यावर येत नाही, याचा अर्थ मधल्या नळीत कुठेतरी गळती आहे आणि तुम्ही समुद्राची नाही, प्रयोगशाळेतली हवा मोजताय. ही दुसरी पायरी सगळे टाळतात, कारण हलत्या जहाजावर मास्टवर चढायचा कंटाळा येतो. टाळू नका. वर जाताना सेफ्टी हार्नेस लावा आणि ब्रिजवर, जहाज चालवतात त्या खोलीत, सांगून जा. रडार चालू असताना त्याच्या शेजारी उभं राहायचं नसतं.

सीपीसीच्या पोटात ब्युटेनॉल असतं. हवा आधी त्याच्या गरम वाफेतून जाते, मग थंड नळीत. तिथे प्रत्येक कणावर ब्युटेनॉल चढून त्याचा टपोरा थेंब होतो आणि तो थेंब लेझरसमोरून जाताना मोजला जातो. जहाज जोरात डोललं की हे ब्युटेनॉल लेझरच्या कप्प्यात शिरू शकतं. मग आकडा वेडावाकडा उड्या मारतो किंवा धाडकन शून्य होतो, आणि सोबत लेझरचा इशारा लागतो. हा बिघाड ओळखायला सोपा आहे, कारण तो आपोआप बरा होत नाही. धूर येतो आणि जातो. यंत्र जहाजाच्या मध्यरेषेजवळ, जमेल तितकं खाली बसवा, तिथे डोलणं कमी जाणवतं. उष्ण समुद्रावर हवेतलं पाणीही ब्युटेनॉलमध्ये साठत जातं आणि मोजणी हळूहळू कमी पडू लागते. त्यासाठी ते ठरावीक काळाने काढून ताजं भरायचं.

यंत्र ठीक असेल, तर आता धुराकडे या.

जहाज ताशी १० सागरी मैलांनी, म्हणजे सेकंदाला साधारण ५ मीटर वेगानं चाललंय असं धरा. समोरून वारा असेल तर धूर मागे जातो आणि बोवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, आपले कोळी जिला नाळ म्हणतात तिथे, लावलेलं इनलेट (नळीचं हवा आत घेणारं तोंड) स्वच्छ राहतं. वारा पाठीमागून त्याच वेगानं वाहू लागला, तर जहाजावर उभ्या असलेल्या माणसाला वारा शून्य. धूर धुराड्याभोवतीच रेंगाळतो आणि जहाज स्वतःच्याच ढगात बसून प्रवास करतं. जानेवारीत गोव्याहून दक्षिणेला निघालात तर ईशान्येचे वारे बराच काळ पाठीशी असतात, म्हणून पहिल्या आठवड्यात ही तक्रार सर्वांत जास्त येते. पुढे पाणी तपासायला जहाज थांबतं तेव्हा पुन्हा तोच ताप. पाण्यात उपकरणं सोडायची वायर ज्या बाजूनं सोडतात ती बाजू वाऱ्याकडे ठेवतात, त्यामुळे बोवर समोरचा वारा मिळत नाही. त्या दोन-तीन तासांच्या नोंदी मी सरसकट बाजूला काढते. कॅप्टनकडे हट्ट धरण्यात अर्थ नाही. त्यांना वायर सांभाळायची असते.

तेव्हा नेहमीचा उपाय म्हणजे वाऱ्याची चाळणी. जहाजाच्या सापेक्ष वारा बोच्या दोन्ही बाजूंना ६० ते ९० अंशांच्या आत असेल आणि वेग सेकंदाला ३ मीटरच्या वर असेल तेवढ्याच नोंदी ठेवायच्या. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात तीन ठिकाणी फसतं.

पहिलं ठिकाण म्हणजे वारामापक. मास्टवर तो बसवणाऱ्यानं त्याची शून्याची खूण नेमकी बोच्या रेषेत ठेवली असेल असं गृहीत धरू नका. एका मोहिमेत आमचा वारामापक ३० अंशांनी फिरलेला होता आणि आम्ही तीन आठवडे धुरातल्या नोंदी "स्वच्छ" म्हणून साठवत होतो. तपासायची पद्धत सोपी आहे. वारा पूर्ण पडलेला असा एखादा दिवस मिळतोच. त्या दिवशी जहाज सरळ चालू असताना मापकावर वारा बरोबर समोरून आणि जहाजाच्याच वेगाचा दिसायला हवा. नाही दिसला, तर जेवढा फरक तेवढी चूक.

दुसरं ठिकाण म्हणजे नळीतला वेळ. नळी १५ मीटर लांब आणि आतून ६ मिलिमीटर व्यासाची असेल तर तिच्यात जवळपास ४२५ घन सेंटीमीटर हवा मावते. सीपीसी मिनिटाला १ लिटर ओढत असेल तर बोवरची हवा यंत्रापर्यंत यायला २५ सेकंद लागतात. वारा फिरल्याची नोंद आत्ताची, धूर मोजल्याची नोंद २५ सेकंदांनंतरची. दोन्ही एकाच ओळीत ठेवून चाळणी लावली की धुराची शेपटी नेमकी चाळणीतून सुटते. त्याच नळीचा दुसरा तोटा असा, की १० नॅनोमीटरचे जवळपास निम्मे कण वाटेतच भिंतींना चिकटून संपतात. जाड नळी घेतली म्हणून हे कमी होत नाही. प्रवाह संथ असेल तर हिशेबात व्यास येतच नाही, फक्त लांबी आणि प्रवाह येतो. म्हणून मोठ्या पंपानं मिनिटाला ८ लिटर वगैरे ओढायचं आणि शेवटच्या टोकाला त्यातून सीपीसीपुरतं काढून घ्यायचं. कण वाचतात आणि वेळही तीन-चार सेकंदांवर येतो. नळी स्टीलची किंवा तांब्याची घ्या. साध्या प्लास्टिकच्या नळीत स्थिर विजेमुळे कण चिकटतात.

तिसरं ठिकाण सरासरी, आणि हे मला सर्वांत जास्त खटकतं. बरेच जण जागा वाचवण्यासाठी एका मिनिटाची सरासरी साठवतात. समजा मिनिटातले ५४ सेकंद हवा ४०० कणांची होती आणि फक्त ६ सेकंद धुराचा झोत आला, ५०,००० कणांचा. सरासरी येते ५,३६०. हा आकडा ना समुद्राचा, ना धुराचा. आणि अशी दहा-वीस मिनिटं ओळीनं आली की आलेखावर एक गोंडस, रुंद टेकडी दिसते, जिला पाहून पोरं मला फोटो पाठवतात. सेकंदासेकंदाची नोंद ठेवा. तीच मिनिटं सेकंदांत उघडली की टेकडीच्या जागी सुयांची रांग दिसते आणि काय ते कळतं. सारांश काढायचाच असेल तर मध्यक काढा. वरच्या उदाहरणात तो ४००च येतो. आणखी एक गोष्ट. काही सीपीसींची मोजणी घन सेंटीमीटरला १०,०००च्या पुढे विश्वासाची राहत नाही. वरून सपाट झालेला आलेख म्हणजे स्थिर धूर नव्हे, तिथे यंत्रानं हात टेकलेले असतात.

वाऱ्यावर अजिबात न विसंबणारीही पद्धत आहे. २०१९-२० मध्ये पोलारस्टर्न हे जर्मन जहाज आर्क्टिकच्या बर्फात गोठवून घेऊन वर्षभर वाहत राहिलं, त्या मोझाइक मोहिमेत हाच धुराचा त्रास होता. त्या नोंदींवर तयार झालेली रीत फक्त कणांचा आकडा किती झपाट्यानं चढतो-उतरतो ते बघते. स्वच्छ समुद्री हवेत आकडा सावकाश बदलतो. धुराच्या कडेला तो सेकंदात उडी घेतो. मी दोन्ही चाळण्या लावते आणि जिथे त्यांचं एकमेकींशी पटत नाही ती ठिकाणं डोळ्यांनी बघते. खरं शिक्षण तिथेच होतं.

शेजारी ओझोनचं यंत्र असेल तर काम फारच सोपं होतं. इंजिनच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो, म्हणून कण वर आणि त्याच क्षणी ओझोन खाली, ही इंजिनची सही समजा. कार्बन डायऑक्साइडही सोबत चढतो. याउलट खरोखर नवे कण तयार होत असतील तर ओझोन जागचा हलत नाही, आणि कणांचा आकार पुढचे काही तास हळूहळू वाढताना दिसतो. तिसरा साक्षीदार ऑप्टिकल काउंटर. तो ०.३ मायक्रॉनच्या वरचे कण मोजतो. ताज्या धुरातले बहुतेक कण त्याहून बरेच बारीक असतात, त्यामुळे सीपीसी शंभरपट उसळला तरी हा जेमतेम हलतो. ही शेवटची खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोणी म्हणेल, दोन-चार टक्के नोंदी खराब राहिल्या तर एवढं काय? जमिनीवर चाललं असतं. पुण्याच्या हवेत घन सेंटीमीटरला हजारो कण, त्यात ३०० इकडेतिकडे कोणाला कळत नाहीत. दक्षिण महासागरावर ३०० म्हणजेच सगळी हवा. तिथल्या ढगांमध्ये थेंब किती आणि केवढे, ते या मोजक्या कणांवर ठरतं. १९९९च्या इंडोएक्स मोहिमेत आपलं सागर कन्या आणि अमेरिकेचं रोनाल्ड एच. ब्राउन अशी जहाजं हिंदी महासागरात होती. उपखंडाकडून आलेला तपकिरी धुरका विषुववृत्ताकडे पसरलेला आणि वाऱ्यांच्या अभिसरण पट्ट्यापलीकडे हवा एकदम निवळलेली, हे त्या वेळी ठळकपणे दिसलं. ती रेघ काढता येते ती पलीकडचा आकडा स्वच्छ असेल तरच. टास्मानियातल्या केप ग्रिमवर १९७६ पासून मोजणी चालू आहे. तिथे वारा १९० ते २८० अंशांतून, म्हणजे थेट महासागरावरून येत असेल तेव्हाचीच हवा "मूळ हवा" म्हणून धरतात. त्यांचं बरं आहे, कड्याला धुराडं नसतं.

आता आकडा उसळण्याऐवजी हळूहळू बसतो, विशेषतः विषुववृत्ताजवळ, ही तक्रार. इथे दोषी पाणी. बाहेर हवा २८-२९ अंश, आर्द्रता ८० टक्के, म्हणजे दवबिंदू साधारण २५. प्रयोगशाळेत एसी २२ वर. बाहेरची हवा नळीतून आत आली की नळीच्या आतल्या भिंतीला घाम फुटतो, थंड पाण्याच्या तांब्याला फुटतो तसाच. पाणी सर्वांत खालच्या वळणात साठतं आणि एक दिवस सीपीसीत जातं. हवा आत येण्याआधीच वाळवा आणि आतली नळी फोमनं गुंडाळा. नळी यंत्राकडे उतरती नको, मधे पाणी पकडणारा सापळा ठेवा. वाळवणं कणांसाठीही लागतं. मिठाचा कण ७५ टक्के आर्द्रतेला विरघळून थेंब होतो आणि आकारानं जवळपास दुप्पट फुगतो. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणली नाही तर आज मोजलेला आकार आणि उद्या मोजलेला आकार यांची तुलनाच होत नाही. हवा वाळवणारे सिलिका जेलचे दाणे गॅलीच्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराच्या, ओव्हनमध्ये भाजून पुन्हा वापरायची जुनी सवय आहे. निळ्या दाण्यांच्या जेलमध्ये कोबाल्ट असतं. ती जेवणाच्या ओव्हनमध्ये घालू नका, कूकनं परवानगी दिली तरीही.

हातातल्या सूर्यमापकाविषयी दोन वाक्यं. डोलत्या डेकवर सूर्य नेमका मध्यावर धरला नाही तर प्रकाश कमी पडतो आणि धुरकटपणाचा आकडा खोटा वाढतो. तो खोटा कमी होत नाही, म्हणून लागोपाठ पाच-सात वेळा मोजून सर्वांत कमी येणाऱ्या नोंदींवर भरवसा ठेवा, काचेवरचं मीठ पुसा, आणि धुराड्याच्या रेषेतून सूर्य बघू नका.

कधी कधी वारा समोरून, वेग चांगला, चाळणी खूश, तरी उसळी. आधी एआयएसची, म्हणजे आसपासची जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या यंत्रणेची, नोंद काढा. श्रीलंकेच्या दक्षिणेकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजांची वाट इतकी गजबजलेली आहे की तिचा धूर उपग्रहाच्या नकाशावर रेघेसारखा दिसतो. दूरच्या जहाजाचा धूर पसरून येतो, त्याची कड मऊ असते आणि तो काही मिनिटं टिकतो.

एआयएसवरही कोणी नसेल तर? माझ्या एका मोहिमेतली गोष्ट सांगते. जहाजाचं नाव सांगत नाही.

गोव्याहून मॉरिशसच्या पोर्ट लुईसला चाललो होतो. रोज दोन उसळ्या, एक १९:१०च्या सुमारास आणि एक २३:१०ला. आमची सगळी यंत्रं जागतिक वेळेवर चालतात, म्हणून आकडे तसे दिसत होते. वारा स्वच्छ समोरून. ओझोन जागच्या जागी, म्हणजे इंजिन नाही. आणि ऑप्टिकल काउंटरही सोबत चढत होता, म्हणजे ताजा इंजिनचा धूर नाहीच. मी इन्सिनरेटरची, म्हणजे कचरा जाळायच्या भट्टीची, वही तपासली, तो दुपारी जळायचा. गॅलीचा पंखा मागच्या बाजूला. बोवर रंगकाम चालू नव्हतं. माझा सहकारी तर वातावरणातल्या भरती-ओहोटीपर्यंत जाऊन पोहोचला होता.

आठव्या दिवशी उसळ्या २०:१० आणि ००:१० वर गेल्या. दोन्ही बरोबर एक तास पुढे. आदल्या संध्याकाळी ब्रिजवरून घोषणा झाली होती की आज जहाजाची घड्याळं एक तास मागे, पाचाचे चार. निसर्गातली कुठलीही गोष्ट कॅप्टनच्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. मी नोंदी जहाजाच्या वेळेत मांडल्या, तर दोन्ही उसळ्या पहिल्यापासून एकाच जागी होत्या: रात्री बारा वाजून दहा, पहाटे चार वाजून दहा. वॉच, म्हणजे खलाशांची पाळी, बदलायच्या वेळा.

त्या रात्री बाराला मी बोवर जाऊन बसले. सव्वाबारा व्हायच्या आत एक मामा आले, दापोलीकडचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. आमच्या इनलेटच्या खांबाला पाठ टेकून त्यांनी ओंजळीत काडी पेटवली. शेजारी दोरखंडाच्या गुंडाळीत मिल्कमेडचा रिकामा डबा, त्यात थोटकं. मला बघून दचकले.

"मामा, इथे का बसता हो?"

"काय करू मॅडम, मागं डिझेलचा वास मारतो नुसता. हितं कसं, सरळ समुद्राचा वारा लागतो."

इनलेट आम्ही तिथेच बसवलं होतं, ते अगदी याच कारणासाठी. मी त्यांना खाली नेऊन स्क्रीन दाखवली. सीपीसी अजून १२,०००वर होता. त्यांनी चष्मा वर करून आलेख नीट बघितला आणि विचारलं, "हा पहाटे चारचा पण दिसतो काय?" पहाटेचा त्यांचा नव्हता, पण कोणाचा ते त्यांना ठाऊक होतं. नाव त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही उसळ्या थांबल्या. डबा मागच्या डेकवर, ठरवून दिलेल्या जागी गेला.

नोंदी काढून टाकता आल्या. फिल्टर नाही वाचले. रासायनिक तपासणीसाठी आम्ही चोवीस तासांचा एकेक फिल्टर लावत होतो आणि त्यावर बसलेला धूर नंतर वेगळा करता येत नाही. असे आठ फिल्टर गेले. तेव्हापासून फिल्टरचा पंप मी वारामापक आणि सीपीसी दोघांना जोडते. वारा फिरला किंवा आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला की पंप बंद, आणि हवा निवळल्यावर पुढची दहा मिनिटं तो सुरू होत नाही. आणि नोंदवहीत जागतिक वेळेच्या शेजारी जहाजाच्या वेळेचा रकाना आखते. त्या मोहिमेच्या वहीत त्या रकान्यापुढे आठ दिवस एकच शब्द लिहिलेला आहे, विडी. पुढच्या वर्षी लेखापरीक्षणाला वही मागवली गेली तेव्हा त्याचा खुलासा मला लेखी द्यावा लागला.